काउंटर गावाचा, तिजोरी कुणाची?

वाचकांचे पैशाचे प्रश्न आणि एका निवृत्त शाखाधिकाऱ्याची उत्तरं

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचं गाव बाराशे उंबऱ्यांचं. गावात एकच बँक होती. तिचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं आणि दीड वर्षापूर्वी शाखा उचलून तालुक्याच्या गावी नेली. अंतर १७ किलोमीटर. पेन्शन, पीकविमा, निराधारचे पैसे, सगळ्याला एसटी. मशीन चालत नाही म्हणून म्हातारी माणसं दोन-दोन हेलपाटे घालतात. माझी मुलगी मेलबर्नला असते. ती म्हणाली, ‘बाबा, इथल्या खेड्यांतल्या बँका गेल्या तेव्हा लोकांनी वर्गणी काढून स्वतःची बँक उघडली.’ मी हे ग्रामसभेत सांगितलं. एरवी कोरमसाठी माणसं शोधावी लागतात, त्या दिवशी लोक उभं राहून बोलत होते. एकानं रस्त्याकडेचा गाळा देऊ केला. खरंच असं करता येतं का? सुरुवात कुठून करायची?
— निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : गुरुजी, नमस्कार. मुलगी सांगते ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं ऐकल्याशिवाय वर्गणीचं पावतीपुस्तक छापू नका.

मेलबर्नच्या वायव्येला विमेरा नावाचा सपाट शेतीचा मुलूख आहे. गहू, मसूर, हरभरा हे तिथलं पीक. तिथल्या डाळी-कडधान्यांतलं बरंच आपल्या देशात येतं, त्यामुळे त्या शेतकऱ्याचा आणि तुमच्या ताटाचा संबंध अगदीच नाही असं नाही. त्या मुलखात रुपन्यप आणि मिनियिप अशी शेजारशेजारची दोन गावं आहेत. वस्ती हजाराच्या आत. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या चार मोठ्या बँकांनी खेड्यांतल्या शाखा धडाधड बंद केल्या. बँक गेली की माणूस पैसे काढायला मोठ्या गावाला जातो आणि किराणाही तिथूनच घेऊन येतो. मग वाण्याचं दुकान बसतं, मग हॉटेल, मग शाळेचा पट. तुमच्या गावात यातलं काय काय सुरू झालंय, ते तुम्ही मला सांगायला नको.

बेंडिगो हे तिकडचं सोन्याच्या खाणींचं जुनं शहर. तिथे १८५८ साली घरबांधणीला कर्ज देणारी एक सभासदांची संस्था निघाली. १९९५ मध्ये तिची बँक झाली. तिचे त्या वेळचे प्रमुख रॉब हंट यांनी या खेड्यांपुढे एक तोड ठेवली. शाखा तुम्ही चालवा, बँक आम्ही पुरवतो. जून १९९८ मध्ये रुपन्यप आणि मिनियिप इथे पहिल्या शाखा उघडल्या. पुढे असल्या शाखांची संख्या तीनशेच्या वर गेली. काही नंतर बंदही झाल्या.

आता ‘शाखा तुमची, बँक आमची’ म्हणजे काय, ते सावकाश वाचा. सगळी गोम तिथे आहे.

गावकरी एक कंपनी काढतात. गावातले लोक तिचे भाग घेतात. गाळ्याचं भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार, वीज, फर्निचर हा सगळा खर्च त्या कंपनीचा. पाटी मात्र बेंडिगो बँकेची, परवाना तिचा, संगणक यंत्रणा तिची. गावकऱ्यानं ठेव ठेवली तर ती बेंडिगो बँकेत ठेवली असं होतं. कर्ज मागितलं तर मंजुरी बेंडिगो बँकच देते, गावचं संचालक मंडळ देत नाही. ठेवीचं व्याज आणि कर्जाचं व्याज यांतल्या फरकातून जे सुटतं, ते बँक आणि गावची कंपनी वाटून घेतात. कंपनीच्या वाट्याला आलेल्यातून खर्च भागवायचा. उरलं तर भागधारकांना बेताचा लाभांश, आणि बाकीचं गावच्या दवाखान्याला, अग्निशमन दलाला, फुटबॉल क्लबला.

म्हणजे गावानं काउंटर विकत घेतला. तिजोरी बेंडिगोलाच राहिली.

आपल्याकडे ‘स्वतःची बँक’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती पतसंस्था, आणि तिथे काउंटरही गावाचा आणि तिजोरीही गावाची. ठेवी स्वीकारायच्या गावच्या, कर्ज वाटायचं गावात, आणि थकलं तर वसुलीला जायचं तेही गावातच. या तीन गोष्टी करण्याची छाती असेल तरच तो रस्ता.

नाही म्हणायला आपल्या लोकांना ही विद्या नवीन नाही. सहकाराचा कायदा या देशात १९०४ साली आला. त्याच्या पंधरा वर्षं आधी, ५ फेब्रुवारी १८८९ रोजी, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली होती. पुण्याची कॉसमॉस १९०६ ची, मुंबईची सारस्वत १९१८ ची. या काही सरकारनं आणून ठेवल्या नाहीत, शेजारपाजारच्या माणसांनीच उभ्या केल्या. पण ते दिवस गेले, गुरुजी. नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणं रिझर्व्ह बँकेनं २००४ मध्ये थांबवलं. तेव्हा ग्रामसभेत उभं राहून जे म्हणाले की आपण बँकच काढू, त्यांना आधी खाली बसवा. पतसंस्था निघू शकते, पण तिला पाटीवर ‘बँक’ लिहिता येत नाही, तिचा चेक क्लिअरिंगला जात नाही, आणि सरकारी पेन्शन तिच्यात जमा होईल अशी आशा धरू नका. तुमच्या म्हाताऱ्यांचा हेलपाटा होता तिथेच राहील.

तरी हिशेब करूनच बघू. दोन-तीन पगार, भाडं, वीज, सॉफ्टवेअर, विमा, लेखापरीक्षण मिळून महिना एक लाख दहा हजार धरा, काटकसरीनं. वर्षाला तेरा लाख वीस हजार झाले. ठेवीला आठ टक्के द्याल, कर्जाला बारा घ्याल. पण शंभरातले सगळे शंभर वाटायचे नसतात. तीस रुपये दुसरीकडे गुंतवून हाताशी ठेवा, त्यांवर सात टक्के मिळतील. सत्तर रुपयांवर बारा टक्क्यांनी आठ रुपये चाळीस पैसे, तिसांवर दोन रुपये दहा पैसे. आले साडेदहा, गेले आठ. राहिले अडीच. त्यातला अर्धा रुपया बुडीत कर्जाची तरतूद म्हणून बाजूला काढा. हातात शंभरामागे दोन. तेरा लाख वीस हजार सुटायला ठेवी लागतील सहा कोटी साठ लाख. बाराशे उंबऱ्यांना भागून बघा. घरटी पंचावन्न हजार. तेही फक्त तोटा न होण्यापुरते, आणि पहिल्या दिवसापासून.

हा आकडा फळ्यावर लिहा आणि मग गाळा देणाऱ्याला विचारा, गाळा देतोस हे झालं, ठेव किती ठेवतोस?

आता जरा माझं ऐका. मी एकतीस वर्षं नागरी सहकारी बँकेत काढली. लिपिक म्हणून चिकटलो, शाखाधिकारी होऊन निवृत्त झालो. आमच्याच गावात एक पतसंस्था निघाली होती. संस्थेचं नाव सांगत नाही. चेअरमन माझा वर्गमित्र, सज्जन माणूस, चहासुद्धा स्वतःच्या खिशातून पाजणारा. त्यानं पैसे खाल्ले नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याला फक्त ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. चुलतभावाला ट्रॅक्टरला, व्याह्याला बोअरला, ज्यानं निवडणुकीत मदत केली त्याला ‘किरकोळ’ म्हणून दिलं. जामीनदार सगळे एकमेकांचेच. हप्ते थकले तेव्हा घरी नोटीस पाठवायची कुणी? सकाळी दूध एकाच डेअरीला घालायचं, संध्याकाळी एकाच पारावर बसायचं. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन जप्तीला जायचं म्हणजे शत्रुत्व. तो गेला नाही. एका सोमवारी शटरवर हातानं लिहिलेला कागद लागला : ‘तांत्रिक कारणामुळे व्यवहार बंद’.

माझ्या मावशीचे त्यात एक लाख चाळीस हजार होते. म्हशी विकलेले. ठेव ठेवायच्या आधी तिनं मला विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, ‘ठेव की, आपलाच माणूस आहे.’ बँकेत नोकरी करणारा मी! त्या ठेवीची पावती अजून माझ्या कपाटात आहे. मावशी नाही.

म्हणून मला रुपन्यपच्या पद्धतीतली एकच गोष्ट फार शहाणपणाची वाटते. तिथल्या संचालकाला शेजाऱ्याचं कर्ज नामंजूर करावंच लागत नाही. ‘बँकेनं नाही म्हटलं’ एवढं सांगून तो त्याच्याबरोबर मॅच बघायला जाऊ शकतो.

असा काउंटर आपल्याकडे काढता येतो का? येतो, पण त्याला कुणी ‘स्वतःची बँक’ म्हणत नाही, म्हणून लोकांना त्याची भुरळ पडत नाही. रिझर्व्ह बँकेनं २००६ मध्ये बँकांना व्यवसाय प्रतिनिधी नेमायची मुभा दिली. आपण त्याला बँक मित्र म्हणतो. बहुतेक ठिकाणी तो म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात बसलेला एक मुलगा आणि अंगठ्याचं मशीन. पण प्रतिनिधी एकटा माणूसच असावा लागतो असं नाही, सहकारी संस्थाही होऊ शकते. तुमच्या गावात विकास सोसायटी असेलच. तिला इमारत आहे, सचिव आहे, आणि २०२२ पासून केंद्राच्या योजनेतून सोसायट्यांचं संगणकीकरण चालू आहे. तिनं एखाद्या चांगल्या बँकेची प्रतिनिधी व्हायचं. ठेव बँकेची, जबाबदारी बँकेची, कर्जाचा निर्णय बँकेचा. गावानं द्यायचा तो काउंटर : बसायला बाकडं, म्हाताऱ्यांना पंखा, आणि दहा ते पाच जागेवर असणारा माणूस. कमिशनवर त्याचा पगार सुटत नाही, हे आधीच सांगतो. तो फरक तुमच्या वर्गणीतून भरा. वर्गणीचा उत्साह तिथे कामाला येईल, आणि बुडाला तर महिन्याचा पगार बुडेल, कुणाच्या म्हशी नाहीत.

त्याच्या आधी आणखी एक काम आहे, आणि ते कुणीच करत नाही. खेड्यातली शाखा बंद करायची तर बँकेला जिल्हा सल्लागार समितीची संमती लागते. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तुमच्या शाखेचा विषय समितीपुढे आला होता का, कोणत्या बैठकीत, इतिवृत्तात काय लिहिलंय, हे जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे लेखी विचारा. बँक राष्ट्रीयीकृत असेल तर माहिती अधिकारही आहे. निदान आठवड्यातून दोन दिवस गावात यायला तरी बँकवाले कबूल होतील.

आणि तिकडच्या गावकऱ्यांची एक युक्ती जरूर उचला. त्यांनी आधी पैसे गोळा केले नाहीत, आधी वचनं गोळा केली. घरोघरी जाऊन, कागदावर, नाव आणि रक्कम. तुम्हीही तसंच करा. ‘शाखा आली तर मी इतकी ठेव ठेवीन, माझा दुधाचा पगार इथेच घेईन’ असं लिहून सह्या घ्या. चारशे घरांचा तो गठ्ठा हातात घेऊन जिल्हा बँकेत, शेजारच्या नागरी बँकेत जाऊन बसा. व्यवस्थापक निवेदनं वाचत नाही, मीही वाचत नव्हतो. ठेवींची यादी मात्र चष्मा लावून वाचतो.

प्रश्न : मी बचत गटांच्या ग्रामसंघाची सचिव आहे. आमचे १४ गट आहेत, हप्ता कधी चुकत नाही. तालुक्यातले एक पुढारी म्हणतात, महिलांची पतसंस्था काढू, नोंदणीचं सगळं मी बघतो, तुम्ही फक्त सभासद गोळा करा. आमच्यातल्या निम्म्या बायका कमी शिकलेल्या. आम्हाला जमेल का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलंच सांगतो. म्हसवड, तालुका माण, कायमचा दुष्काळी भाग. तिथे रस्त्याकडेला राहणाऱ्या, लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून. बँकेनं खातं उघडायला नकार दिला, इतकी बारीक रक्कम नको म्हणाले. चेतना गाला सिन्हा तिथे काम करत होत्या. त्यांनी ठरवलं, बायकांची बँकच काढायची. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. चेतनाताई रडकुंडीला आल्या, बायका नाही आल्या. त्यांनी लिहावाचायचे वर्ग सुरू केले. काही महिन्यांनी पुन्हा मुंबई गाठली आणि साहेबांना सांगितलं की कुठल्याही मुदलाचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही ते कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आज तसा परवाना तुम्हाला मिळणार नाही, ते वर गुरुजींना सांगितलंच आहे. पण व्याज तोंडी सांगणं हेच बँकेचं शिक्षण, आणि ते तुमच्या चौदा गटांत रोज चालू आहे. जमेल का हा प्रश्नच नाही.

माझी अडचण त्या पुढाऱ्याची आहे. ‘नोंदणीचं सगळं मी बघतो’ म्हणजे मुख्य प्रवर्तक तो ठरवणार, पोटनियम तो आणणार, पहिला मॅनेजर त्याचा भाचा. कायद्यानं एका सभासदाला एकच मत आहे, भाग कितीही असोत. तेव्हा सभासद तुमचे म्हणजे संस्था तुमची, हे कागदावर खरं. प्रत्यक्षात संस्था कुणाची असते? दप्तर ज्याच्या घरी असतं त्याची.

घाई करू नका. आणखी दोन वर्षं ग्रामसंघातूनच मोठी कर्जं फिरवा. दोन मुलींना जमाखर्च शिकवा, किर्द-खतावणी हातानं लिहायला लावा, सॉफ्टवेअर नंतर. आणि तुमच्यातली एक बाई शोधा, जी सख्ख्या जावेला तोंडावर सांगू शकते की तुझा मागचा हप्ता राहिलाय, नवीन मिळणार नाही. ती सापडली की उपनिबंधक कार्यालयात स्वतः जा. पुढारी बरोबर आलेच तर त्यांना बाहेर चहा पाजा.

अजून एक. रोज दारोदार जाऊन पैसे गोळा करण्याची पिग्मी तुमच्या भागात जोरात आहे. ही पद्धत १९२८ साली उडुपीला, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या बँकेनं सुरू केली, रोजचे दोन आणे घेऊन. पद्धत सोन्यासारखी, पण एजंटवर नजर हवी. पुस्तकावरची रक्कम आणि संस्थेतली रक्कम महिन्यातून एकदा घरी जाऊन ताडून बघा. मी शाखाधिकारी असताना दर पंधरवड्याला दहा घरं फिरायचो. एजंट माझ्यावर चिडून असत, आणि ते मला चालायचं.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गावात नवीन पतसंस्था निघतेय, तिच्या संचालकांत माझं नाव घालतायत. म्हणतात, तुझ्या गल्लीतलं कुणीतरी पाहिजे, काम काही नाही, फक्त सही. करू का? आणि माझ्या आईची तीन लाखांची ठेव तिथे ठेवा म्हणतात, ते सुरक्षित आहे का?
— एक तरुण वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ठेवीचं आधी. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. त्याआधी एकच लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाटी कितीही चकचकीत असो आणि उद्घाटनाला कुणीही येवो. आईचे तीन लाख जिथे आहेत तिथेच राहू द्या. संस्था चांगली निघाली तर पाच वर्षांनी दहा-वीस हजार ठेवून बघा.

सहीचं म्हणाल, तर संस्थेचं नुकसान झालं की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली चौकशी लागते आणि कुणी किती भरायचे ते ठरतं, व्याजासकट. तिथे ‘मी फक्त सही केली’ हे उत्तर मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. ते कधी चाललेलं बघितलं नाही. त्यांच्यातले काही आजही तारखांना जातात.

तरी जायचंच असेल तर प्रवर्तकांकडे एक गोष्ट मागा : पहिल्या वर्षात संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना एक रुपयाही कर्ज नाही, असा ठराव पहिल्याच सभेत, तुमच्या सूचनेवरून. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर इतिवृत्ताची झेरॉक्स मला पाठवा. टाळाटाळ केली तर सांगा, दुकानात फार गर्दी असते, वेळ होत नाही.